कर्ल, सी आणि कुणीच न मागितलेलं रस्ट

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी सगळ्यांच्याच वाट्याला येतं. टर्बो सीचा निळा पडदा, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, आणि पॉइंटरचा धडा आला की निम्म्या वर्गाने टेकलेले हात. नोकरी लागली की बहुतेकांचा सीशी संबंध संपतो. माझाही संपला होता. मग एका मित्राबरोबर छोटी ओपन सोर्स लायब्ररी लिहायला घेतली आणि पहिलंच भांडण भाषेवरून झालं. तो म्हणाला रस्ट, मी म्हणालो सी. भांडणासाठी मुद्दे गोळा करताना मी कर्लच्या इतिहासात शिरलो.

कर्ल तुम्ही कधी टाईप केलं नसेल, पण ते तुमच्या फोनमध्ये असण्याची शक्यता भरपूर आहे. सर्व्हरकडून काहीतरी आणणं किंवा तिकडे पाठवणं, एवढंच त्याचं काम. १९९६ मध्ये स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला चॅटवरच्या आपल्या बॉटसाठी चलनांचे दर हवे होते. त्याने ब्राझीलच्या राफाएल सागुलाचा ‘एचटीटीपीगेट’ हा इवलासा प्रोग्राम घेतला आणि वाढवत नेला. मार्च १९९८ मध्ये त्याचं नाव कर्ल झालं. भाषा सी. तेव्हा दुसरा विचार करायचं कारणही नव्हतं: जिथे कंपायलर तिथे सी, आणि म्हणूनच कर्ल टीव्हीपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे पोचलं.

आता सीची खोड. पाव लिटरच्या भांड्यात अर्धा लिटर दूध ओतलं तर ते ओट्यावर सांडतं आणि आई ओरडते. सीमध्ये ते गुपचूप शेजारच्या भांड्यात जातं. ओरडत कुणीच नाही. २०२० च्या सुरुवातीला स्टेनबर्गने प्रॉक्सीशी बोलणारा एक भाग नव्याने लिहिला. त्यात २५५ अक्षरांपेक्षा लांब होस्टनेम आलं, तर विशिष्ट परिस्थितीत ते नको तिथे ओतलं जात होतं. ही चूक साडेतीन वर्षांहून जास्त काळ जगभर फिरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्त झाली. स्टेनबर्गने ती आपलीच चूक असल्याचं लपवलं नाही, आणि मेमरी सांभाळणारी भाषा असती तर हे घडलं नसतं, हेही कबूल केलं. कर्लमधल्या सुरक्षेच्या साधारण निम्म्या चुका सीमुळे झाल्यात, हा हिशोब तर त्याने आधीच मांडला होता.

अशी भाषा तोवर आलेली होती. रस्टची सुरुवात २००६ मध्ये ग्रेडन होअरने केली. घरच्या इमारतीतली लिफ्ट सॉफ्टवेअरच्या बिघाडाने बंद पडली आणि त्याला एकविसावा मजला पायी गाठावा लागला, असा किस्सा सांगतात. १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. दूध मापाबाहेर ओतू देणार नाही, हा तिचा मुख्य हट्ट.

मग कर्लने रस्ट का घेतलं नाही? माझ्या मित्राचा हाच प्रश्न होता. तर, घेऊन पाहिलं! २०२० मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ चालवणाऱ्या ना-नफा संस्थेने पैसे दिले आणि कर्लमधला एचटीटीपीचा भाग ‘हायपर’ या रस्ट लायब्ररीवर चालवायचं ठरलं. जवळजवळ सगळ्या चाचण्या पास झाल्या. उरलेल्या थोड्याशाच सगळ्यात चिवट निघाल्या. त्या सोडवायला कर्लचं सी आणि हायपरचं रस्ट, दोन्ही आतून माहीत असलेला माणूस हवा होता. सीवाल्यांना रस्ट येत नव्हतं आणि हायपर वापरणाऱ्यांना कर्लची गरज नव्हती. वापरणाऱ्यांकडूनही मागणी नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये स्टेनबर्गने हायपर काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. एन्क्रिप्शनसाठीचा ‘रस्टल्स’ हा रस्टमधला पर्याय मात्र राहिला.

मी हे विजयी मुद्रेने मित्राला पाठवलं. त्याने उलट फिश पाठवलं. फिश ही कमांड लिहायची शेल. २००५ पासूनची, आधी सीमध्ये, मग सी++ मध्ये. २०२३ मध्ये त्या टीमने एकेक भाग रस्टमध्ये न्यायला घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० आवृत्ती आली. सी++ च्या कटकटींना कंटाळा आला होताच, पण नवे हात मिळावेत हाही हिशोब होता. किंमतही मोजली: विंडोजवरच्या सिगविनचा आधार सोडावा लागला. शेलला हे परवडतं. टीव्हीत आणि गाड्यांत जाऊन बसलेल्या कर्लला असं कुणाला सोडून देणं जमणार नाही.

आम्हाला आजवर तीन अनोळखी लोकांनी दुरुस्त्या पाठवल्यात. तिघांनाही फक्त सी येतं. म्हणून लायब्ररी सीमध्येच राहिली. पण बाहेरून आलेली फाईल वाचणारा भाग रस्टमध्येच लिहायचा, या अटीवर मित्र अडून बसला, आणि त्या अटीत चूक काढता आली नाही. तो भाग त्याने लिहिलाय. पुढच्या महिन्यात त्याची नोकरी बदलतेय, तेव्हा मी रोज रात्री अर्धा तास रस्ट शिकतोय. काल कंपायलरने एकाच ओळीवरून मला अकरा वेळा हाकललं.