नांदेड-लातुरात संगणक परवडला तो कसा

मराठवाड्यात इंटरनेट सामान्य माणसाला कधी परवडू लागलं, असं विचारलं की हल्ली एकच उत्तर मिळतं: 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आलं तेव्हा. मोबाइलच्या डेटापुरतं ते बरोबरही आहे. पण घरातल्या टेबलावरचा संगणक, त्याला जोडलेली तार आणि त्यावर चालणारं रोजचं काम यांचा नांदेड आणि लातूर या दोन शहरांतला इतिहास पाहिला, तर निराळीच गोष्ट समोर येते. किमती उतरल्या हे खरं, पण नुसत्या उतरलेल्या किमतीवर या वस्तू इथल्या घरांत टिकल्या नाहीत. बिघाड झाला की चालत जाता येईल इतक्या अंतरावर तो काढून देणारा माणूस मिळू लागला, तेव्हा त्या टिकल्या. स्वस्तात जाहीर झालेली यंत्रं आणि दरपत्रकात वाढलेला वेग, दोन्ही याच कसोटीवर उतरले किंवा पडले.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथं. नांदेड-लातूरहून तिथं मोडेम लावायचा म्हणजे एसटीडीचं बिल भरायचं. शिकलेल्या माणसांची इथं वानवा नव्हती. विष्णुपुरीचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून होतं, 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, आणि लातूरच्या शाहू नि दयानंद महाविद्यालयांचे निकाल राज्यभर गाजत होते. अडचण अंतराची होती. पुढे जिल्ह्याच्या गावी इंटरनेटचे नोड बसले आणि फोन स्थानिक झाला. तरीही तीन मिनिटांना 1 रुपया 20 पैसे हा स्थानिक कॉलचा नेहमीचा दर धरला, तर तासाला 24 रुपये निव्वळ फोनचेच होत, खात्याचे पैसे वेगळे. पगारदार घरालाही हे जड होतं. म्हणून पहिली काही वर्षं इंटरनेट घराचं नव्हतंच, ते सायबर कॅफेचं होतं. नांदेड, लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद या जिल्ह्यांचं विभागीय परीक्षा मंडळ लातूरला, तेव्हा दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी त्या कॅफेंची काय अवस्था होत असेल हे वेगळं सांगायला नको.

घरात संगणक आला तो बहुतांशी ‘असेंबल्ड’ आला. नांदेडची बाजारपेठ निजामकाळापासून हैदराबादकडे तोंड करून आहे, रेल्वेसुद्धा दक्षिण मध्य विभागाची. सिकंदराबादचं चेनॉय ट्रेड सेंटर म्हणजे सुट्या भागांचं मोठं ठाणं, आणि नांदेडहून रात्रीची गाडी धरली की सकाळी तिथं पोहोचता येतं. लातूरचा ओढा पुण्या-मुंबईकडे अधिक. कॅबिनेट एका कंपनीचं, मदरबोर्ड दुसरीचा, हार्ड डिस्क तिसरीची, अशा या यंत्राला दिमाख नव्हता. पण त्याचा प्रत्येक भाग वेगळा काढता येत होता, आणि सगळा मुद्दा तिथंच आहे. संगणक सुरू होताना नुसताच बीप-बीप करू लागला, तर दुकानातला मुलगा रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दाते शाळकरी खोडरबराने घासायचा, स्लॉटमधली धूळ फुंकरायचा आणि पट्टी पुन्हा खटकन बसवायचा. अर्ध्या वेळा तेवढ्यावर काम भागे. एसएमपीएस जळला तर तेवढाच बदलायचा. संगणक संथ झाला तर नवा घ्यायचा नाही, रॅम वाढवायची आणि फॉरमॅट मारायचा.

याच्याशेजारी सरकारी आणि प्रायोगिक स्वस्ताईची यंत्रं ठेवून पाहावीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने घडलेला सिम्प्युटर 2001 च्या सुमारास मोठ्या आशेने जगासमोर आला. ऑक्टोबर 2011 मध्ये आकाश टॅब्लेट आला, त्याची सरकारी खरेदीची किंमत 2,276 रुपये होती. दोन्हींमागचा हेतू चांगला होता आणि आकाशची किंमत तर थक्क करणारी होती. पण ही यंत्रं मराठवाड्यातल्या घरांत रुजली नाहीत. आकाशचा पडदा दगावला किंवा बॅटरी बसली, तर त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी कुणाकडेच नव्हता. असेंबल्ड संगणक कितीतरी महाग असूनही वर्षानुवर्षं चालवायला तोच परवडत होता. यावर एक रास्त आक्षेप आहे: ही स्वस्ताई विंडोजच्या चोरीच्या प्रतींवर उभी होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या प्रतींमधून व्हायरस आले, आणि पेन ड्राइव्हबरोबर ते गावभर फिरले. मात्र आयती फुकट प्रत मुंबईलाही मिळत होती आणि नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडलाही. ती टाकून देणारा, बिघडली तर पुन्हा बसवून देणारा माणूस मुखेडला नव्हता तोवर मुखेडच्या घरात संगणकही नव्हता.

दुसरा आक्षेप सरकारच्या बाजूने येईल. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन 2001 मध्ये स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झाली आणि सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागू लागलं. लातूरचे विलासराव देशमुख तेव्हा मुख्यमंत्री होते. ही मागणी शासनानेच निर्माण केली, हे श्रेय पुरतं शासनाचं. पण शासनाने प्रत्येक गावात स्वतःच्या प्रयोगशाळा बांधल्या नाहीत, स्थानिक केंद्रचालकांना अधिकृत केलं, आणि अभ्यासक्रम मराठीतूनही ठेवला. त्यामुळे उदगीर, देगलूर, अहमदपूरसारख्या गावी दहा-वीस संगणक आणि ते चालते ठेवायला बांधलेला एक माणूस, अशी जोडी तयार झाली. घरी पहिला संगणक घेणाऱ्याला सल्ला विचारायला, आणि नंतर तक्रार घेऊन जायलाही, तेच दार होतं.

वेगाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. बीएसएनएलचं ब्रॉडबँड 14 जानेवारी 2005 रोजी सुरू झालं, 256 केबीपीएसने. 1 जानेवारी 2007 पासून तोच वेग 2 एमबीपीएसपर्यंत वाढवला गेला. 500 रुपयांच्या योजनेत रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड अमर्याद होतं, आणि कितीतरी विद्यार्थी त्यासाठी गजर लावत. पण घरातला प्रत्यक्ष वेग दरपत्रकावर ठरत नव्हता, तो तांब्याच्या एका जोडीवर ठरत होता. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका सिग्नल क्षीण. गल्लीतल्या टेलिफोनच्या डीपीत पावसाचं पाणी शिरलं की जॉइंट हिरवे पडत, फोनवर खरखर येई आणि मोडेमचा दिवा लुकलुकू लागे. फोनची समांतर तार स्प्लिटरच्या आधीच फोडलेली असेल, तर कुणी फोन उचलला की इंटरनेट तुटे. यातलं काहीही योजना बदलून सुटत नव्हतं. लाइनमनने शिडी लावून जॉइंट नव्याने केला, की त्याच पैशांत दुप्पट वेग मिळे.

त्यात भारनियमन. वीज मंडळाचं विभाजन होऊन जून 2005 मध्ये महावितरण आली ती टंचाईच्या ऐन काळात, आणि जिथं गळती व थकबाकी जास्त तिथं भारनियमन जास्त, असं सूत्र लागल्यावर मराठवाड्याच्या वाट्याला अंधार अधिक आला. टेलिफोनची तार एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, म्हणून लाइट गेली तरी डायल टोन यायचा. मोडेम आणि संगणक मात्र घरच्या विजेवर. जिवंत तार हाताशी असूनही इंटरनेट बंद, अशा अवस्थेत इथल्या घरांनी तासन् तास काढले. इन्व्हर्टरची बॅटरी आणि तिच्यात पाणी घालायला येणारा माणूस हाही इंटरनेटच्या खर्चाचाच भाग होता, तो कुठल्याच योजनेत छापलेला नसे. शिवाय जमिनीतल्या केबलचा मोठा शत्रू म्हणजे रस्त्याचं खोदकाम, आणि 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेड शहर किती उकरलं गेलं हे सर्वश्रुत आहे.

लाइनमनचं हे कौतुक कशाला, तक्रार नोंदवून आठवडा उलटला तरी ते येत नसत, असं कुणी म्हणेल. अगदी खरं. पण हाच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत तशा तक्रारी साचत गेल्या, आणि 31 जानेवारी 2020 रोजी देशभरातले सुमारे 78 हजार बीएसएनएल कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. एक्स्चेंज तेच, केबल तीच, जोडणारे हात गेले, आणि तांब्याचं जाळं जागच्या जागी सुकलं. जिओने ती पोकळी भरली असं म्हणावं, तर संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की मोबाइलचा वेग कसा बसतो हे कुणालाही ठाऊक आहे. प्रवेशाचे अर्ज, प्रमाणपत्रांच्या फाइली, दुकानाचा हिशेब यांसाठी लातूर-नांदेडकर आजही संगणकासमोरच बसतो, स्वतःच्या नाही तर सेवा केंद्राच्या.

आता तार पुन्हा घरात आली आहे, पण फायबरची, आणि बहुतेक ठिकाणी ती केबल टीव्हीवाल्याने आणली आहे. विजेच्या खांबांवरून, गच्चीवरून गच्चीवर ओढलेली ही तार दिसायला ओबडधोबड. पण ती तुटली की घरातल्या मोडेमच्या डब्यावर लाल दिवा लागतो, आणि स्प्लायसिंग मशीन घेऊन येणारा मुलगा त्याच वॉर्डातला असतो. जुन्या माळवदाच्या घरात हातभर जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींतून वाय-फाय पलीकडच्या खोलीत पोहोचत नाही, तेव्हा राउटर ओसरीतून उचलून मधल्या दाराशी लावायचा, हेही तोच सुचवतो. याउलट 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरवलं, पण पोहोचलेली तार जिवंत ठेवायचं काम कुणाच्या गळ्यात, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित योजनेला सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर केले, आणि घराघरांत जोडणी देण्यासाठी गावपातळीवरचे उद्योजक सोबत घेण्याची पद्धत स्वीकारली. त्या रकमेतला किती वाटा खोदकामावर आणि किती देखभाल करणाऱ्या माणसांवर खर्च होतो, हे किनवट आणि औसा तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आत्तापासून विचारायला हवं.