म्हाताऱ्यांचा रूट

जालन्याजवळच्या राजूर परिसरात केबलचं काम करायचं तर दोन गोष्टी हाताशी लागतात. एक ओटीडीआर, ते पेटीत येतं. दुसरी, पारावर बसलेली म्हातारी माणसं. ती कुठल्या कंपनीकडून भाड्यानं मिळत नाहीत आणि त्यांना चहा लागतो.

ओटीडीआर फायबरच्या एका टोकातून प्रकाशाचा झोत सोडतं, आतून परत येणारा प्रकाश मोजतं आणि केबल कुठे तुटली त्याचं अंतर स्क्रीनवर दाखवतं. समजा, ६.४१२ किलोमीटर. पण हे काचेच्या आतलं अंतर झालं. प्रत्येक जॉइंटच्या खड्ड्यात काही मीटर केबल वेटोळं करून ठेवलेली असते. नळीतल्या तंतूला मुद्दाम जास्तीची लांबी दिलेली असते. नाल्यापाशी रूट वळसा घेतो. हे सगळं वजा करून जमिनीवर कुदळ नेमकी कुठे मारायची, ते यंत्राला ठाऊक नसतं. कागदावर लिहिलेलं असतं, ‘रस्त्याच्या डाव्या अंगाला, विहिरीपासून बारा मीटर’. आणि विहीर बुजवून तिथे चहा-नाश्त्याचं हॉटेल झालेलं असतं. केबल दीड मीटरहून खोल. अंदाज चुकला की अर्धा दिवस काळी माती उपसायची.

ही अडचण मला आमच्या तात्यांनी आधीच सांगून ठेवली होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, तांब्याच्या तारेच्या काळातले लाइनमन. ते म्हणायचे, “रूट कागदावर नसतो बाबा, ज्यानं पुरला त्याच्या डोक्यात असतो. त्याला बोलतं ठेव.” मी तेव्हा स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोकं जोडणं, नुकतं शिकलो होतो आणि मला हे म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं होतं. आता मी म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकतो त्या कामाचा भाग म्हणून. पण गोष्ट ऐकायला बसलं की आपल्याला हवी तेवढीच कापून घेता येत नाही. विहिरीचं विचारायला जावं आणि रझाकार निघावेत.

आजीकडे त्याही आधीचं होतं. रेल्वे जालन्यात आली १९०० च्या सुमाराला, आणि रुळांच्या कडेनं तारेचे खांब उभे राहिले. आजी जालन्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. लहानपणी पोरं खांबाला कान लावून उभी राहायची. खांब गुणगुणतो म्हणजे कुठंतरी कुणी बोलतंय, असा सगळ्यांचा पक्का समज. पुढे तात्यांनी तिला समजावलं होतं, की ताणलेल्या तारेवरून वारा गेला की ती थरथरते आणि तोच आवाज पोकळ खांबात घुमतो. आजीनं ऐकून घेतलं आणि शेवटपर्यंत ‘बोलणं’च म्हणत राहिली. राजुरेश्वराच्या टेकडीवरही तिचा स्वतःचा हिशेब होता. गणपतीनं वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथे, ही आमच्याकडची श्रद्धा. “तवा ना वायर, ना टावर. तरी गेलंच की ऐकू,” असं ती माझ्या नोकरीकडे बघत म्हणायची.

निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या दिवसांत तारा तोडल्या जायच्या, ही गोष्ट आजोबांची. राजूर तेव्हा निजामाच्या राज्यात. उत्तरेला भोकरदनच्या पलीकडे वऱ्हाड आणि खानदेश म्हणजे इंग्रजी मुलूख, १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारत. एका दिवसाच्या चालीवर दुसरा देश. सीमेपलीकडे कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या. तिथून येऊन करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उठवायचे, तारा कापायच्या. आजोबांच्या सांगण्यात तार कापणारे कधी चौघं असत, कधी दहा, आणि एकदा तर ते स्वतःही त्यात होते. पुढच्या वेळी मात्र ते नुसते लांबून बघत होते. मी कधी खोडून काढलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १५ ला भारतीय सैन्य जालन्यात होतं, १७ ला निजामानं शरणागती पत्करली. आजोबांच्या घरी हे कळलं ते जालन्याहून परतलेल्या गाडीवानाकडून, आणि तोही आधी सरकीच्या भावाचं बोलला.

तात्यांचा काळ उघड्या तारांचा, नंतर जमिनीतल्या केबलचा. उघड्या तारेवर फॉल्ट शोधायचा तो कानानं. खांबावर चढायचं, हँडसेट तारेला लावायचा. घरघर आली तर विजेची लाइन जवळून जाते आहे किंवा कुठेतरी ओल धरून ‘अर्थ’ झाला, म्हणजे करंट जमिनीत उतरतो आहे. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू आलं तर दोन जोड्या एकमेकींना चिकटल्या. काहीच नाही, अगदी मुकं, तर तार तुटली. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, ते ओल्या बोटाला जेमतेम जाणवतात. पण नेमकी तेव्हाच घंटी आली तर पंचाहत्तरच्या घरात व्होल्ट येतात आणि माणूस खांबावर शिवी देतो. तात्यांच्या मते राजुरातल्या निम्म्या लोकांनी त्यांची शिवी फोनवरूनच ऐकलेली होती.

उन्हाळ्यात आमची काळी माती हात जाईल इतकी भेगाळते. तीच माती पावसात फुगते. ती अशी उलीउली करत केबल ओढते आणि जॉइंट निसटतो. ‘एप्रिलचे फॉल्ट जूनमध्ये कळतात’ हे तात्यांचं निदान मी फायबरवरही खरं ठरताना पाहिलं आहे.

मग सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेची छोटी एक्स्चेंजं आली. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं १२८ लाइनींचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज लागलं. धूळ आणि उकाडा सोसणारं, एसी न लागणारं. तशी यंत्रं खेडोपाडी पोचली तेव्हा हँडल फिरवून ऑपरेटरची मनधरणी करणं संपलं. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या. अंगारकीला राजुरात लोटणाऱ्या गर्दीत हरवलेलं माणूस आधी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं जायचं; आता ते बूथवरून घरी फोन करून सांगू लागलं की मी हरवलो नाही, तुम्हीच पुढे गेलात. हे तात्यांचं आवडतं वाक्य. खरं की रचलेलं, देव जाणे.

तात्यांना जेली भरलेल्या केबलच्या जोड्यांचे रंग झोपेतही म्हणता यायचे. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा एकीकडे. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, करडा दुसरीकडे. त्यांच्या पंचवीस जोड्या. मी पहिल्यांदा फायबरची नळी सोलून दाखवली तेव्हा म्हातारा हसला. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. तेच दहा रंग, पुढे फक्त गुलाबी आणि फिका निळसर. “म्हणजे तुम्ही नवं काय केलं?” असं त्यांनी विचारलं.

नवं होतं ते काचेत. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं, की प्रकाश काचेत विरतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धीमुळे, ती काढा. त्यांनी ठरवलेली मर्यादा होती किलोमीटरला २० डेसिबल, म्हणजे शंभरातला एक भाग पलीकडे पोचला तरी चालेल. आज एका किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग शिल्लक राहतात. भारतात टेलिफोन एक्स्चेंजं जोडणारी पहिली फायबर लाइन १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. आणि आमच्यापासून फार लांब नाही, छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला स्टरलाइटच्या कारखान्यात या काचेची जाड कांडी तयार होते. ती तापवून ओढली की केसाएवढा तंतू निघतो, १२५ मायक्रॉनचा. त्यातला प्रकाश वाहणारा गाभा नऊ मायक्रॉनचा. दोन टोकं समोरासमोर आणून ठिणगीनं वितळवून जोडायची, हे माझं काम. मशीन स्वतः जुळवतं. माणसाच्या हातात उरतं ते टोक सरळ कापणं आणि पुसणं. राजूरच्या रस्त्यावर मार्चमध्ये हे ताडपत्रीच्या आत बसून करावं लागतं, घामाचा थेंब पडू न देता.

पण फायबरला कान लावून काही कळत नाही. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि बघायचाही नसतो, डोळा जाईल. तात्यांना हीच गोष्ट पटत नव्हती, की आपण दुरुस्त केलेली लाइन बोलली का, हे आपल्यालाच ऐकू येऊ नये.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधले सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात बाहेर पडले. तात्या त्याआधीच निवृत्त झाले होते, पण त्यांच्या मागची फळी त्या दिवशी गेली. पगाराचा, तोट्याचा हिशेब मला कळतो. जमिनीखालच्या वळणांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. आज ग्रामपंचायतींना जोडणारं भारतनेट असो की खासगी लाइन, खड्डा खणणारा वेगळा, केबल ओढणारा वेगळा, जोडणारा मी, आणि पुढच्या वर्षी आणखी कुणी. कंत्राट बदललं की आठवणही बदलते.

त्यात रस्ता रुंद झाला. जेसीबीचा दात केबलला लागतो ते एक आहेच; त्याहून वाईट म्हणजे खुणा गेल्या. जालन्याहून येताना सावली धरणारे कडुनिंब गेले, चिंचा गेल्या, मैलाचे दगड उपटले. अशाच एका तुटलेल्या केबलसाठी मी पारावर विचारलं, तर दोघा आजोबांत जुंपली. एक म्हणे जॉइंट मोठ्या चिंचेखाली पुरला, दुसरा म्हणे, ती चिंच नव्हतीच, बाभूळ होती, आणि तिच्यावरून ह्याचे माझ्या बापाशी कोर्टात पैसे गेलेत. शेवटी शेजारच्या ओट्यावरून एक आजीबाई बोलल्या, “चिंचच व्हती. मी तिचा कोळ केलाय. त्या पत्र्याच्या दुकानामागं बघ, लेकरा.” कापलेल्या बुंध्याची मुळं लागली आणि त्यांच्याखाली जॉइंटचा डबा.

आता मी प्रत्येक जॉइंटची जीपीएस नोंद मोबाइलमध्ये करतो. त्या अ‍ॅपमध्ये ‘जवळची खूण’ असा एक रकाना आहे. तिथे मी लिहिलं, ‘पाडलेली चिंच’. आठवड्यानं कचेरीतून एका मुलाचा फोन आला, साहेब, नसलेली खूण कशी चालेल, साइटवर जाणाऱ्याला कळणार कसं? मी म्हटलं, राजूरला पाठवा. सकाळी नऊच्या आत, पारावर. आणि चहाचे पैसे त्याच्याकडे देऊन ठेवा.