चिडचिड लक्षण कधी झाली?

माझा मामेभाऊ दहावीत असतानाची गोष्ट. वाकडला आमच्याच सोसायटीत राहायचा. संध्याकाळचं क्रिकेट सुटलं, क्लासला दांड्या सुरू झाल्या, दिवसा झोपायचा, रात्री जागा. काही विचारलं की अंगावर यायचा. मामी म्हणायची, "वयच तसलं आहे गं." मीही मान डोलावली. फॅमिली डॉक्टरांनी टॉनिक दिलं. डिप्रेशन म्हणजे रडवेला चेहरा, एवढंच तेव्हा माझ्या एमएस्सीच्या डोक्यात होतं. सात महिन्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला पहिल्यांदा विचारलं, "खूप चिडतोस का? किती दिवस झाले?"

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनोविश्लेषणवाल्यांपैकी अनेकांचं म्हणणं होतं की मुलांना खरं नैराश्य येऊच शकत नाही, कारण स्वतःला दोष देणारा मनाचा भाग अजून घडलेलाच नसतो. मग साठ-सत्तरच्या दशकात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. शाळा बुडवणं, मारामाऱ्या, अंथरूण ओलं करणं, सगळ्यामागे 'मुखवट्याआडचं नैराश्य' दिसू लागलं. पहिल्या व्याख्येत कुणीच सापडत नाही, दुसरीत सगळेच सापडतात. संशोधनाला दोन्ही निरुपयोगी.

१९८० मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-३ या निदानपुस्तिकेनं मुलांना आणि मोठ्यांना जवळपास एकच निकष लावले: ठरावीक लक्षणं, किमान दोन आठवडे. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत एक छोटा कंस आला. मुलं आणि किशोरवयीनांमध्ये उदासपणाऐवजी चिडचिड असली तरी चालेल. माझ्या भावाला विचारलेला प्रश्न त्या कंसातला.

आता आपल्याकडे येऊ. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगथ' संस्थेतल्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा १२ ते १६ वयाच्या मुलांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणीत भाषांतर केलेली मुलाखत वापरून शहरी वॉर्डांत आणि गावांत पाहणी झाली. पात्र २,६८४ मुलांपैकी २,०४८ जणांनी ती पूर्ण केली. कुठलाही मानसिक विकार: १.८१ टक्के. नैराश्य: ०.५ टक्के, म्हणजे जेमतेम दहा मुलं! इतर देशांच्या मानानं हे फारच कमी.

मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा 'वा, आपली कुटुंबव्यवस्था' असं वाटून गेलं. कुटुंबाचा आधार असलेल्यांत विकार कमी होते, हे त्यात आहेच. पण मारहाण, शिवीगाळ सोसणाऱ्यांत जास्त होते, हेही आहे. आणि हा एका वेळचा अभ्यास. कशामुळे काय झालं, हे तो सांगू शकत नाही. शिवाय जे ६३६ जण आकडेवारीत आलेच नाहीत, ते कोण होते? दार लावून झोपलेला मुलगा मुलाखतीला बसला असता का? पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के निघाले. पण त्या १२ राज्यांत ना महाराष्ट्र होता ना गोवा. साधनं वेगळी, वयं वेगळी. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'विकार चौपट वाढले' असा निष्कर्ष कुणी सेमिनारमध्ये काढला, तर हात वर करा.

उपचारांचीही तीच गंमत. २००४ मध्ये अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ रुग्णांवर चाचणी झाली. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन आणि वर्तन-विचार उपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त गोळीवर ६१, फक्त संवाद-उपचारावर ४३. आणि नुसत्या खोट्या गोळीवर ३५! म्हणजे 'टॉनिकनं थोडं बरं वाटतंय' याला पुरावा म्हणता येत नाही. आम्ही त्यावरच तीन महिने काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या वर्गातल्या औषधांवर, मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा छापायला लावला. म्हणून सुरुवातीचे आठवडे डॉक्टर वारंवार बोलावतात. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांना वाटलं, फीसाठी बोलावतात.

भाऊ आता इंजिनिअरिंगला आहे. अजूनही चिडतो. फरक इतकाच की मामी हल्ली 'वयच तसलं' म्हणत नाही. मला हळूच फोन करते आणि सांगते, "आज चौथा दिवस."