माफीनामा आणि हुबळीचे डॉक्टर

हुबळी शहराच्या जुन्या बाजारपेठेत दुर्गदबैल नावाचा एक भाग आहे. मराठी माणसाच्या कानाला या नावात प्रथम बैलच ऐकू येतो. वास्तविक हा ‘बैल’ म्हणजे कन्नडमधील ‘बयलु’, अर्थात मोकळे मैदान. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. आज तेथे मैदानापेक्षा दुकानेच अधिक दिसतात आणि सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती माणसांची दाटी होते. १९५६ पर्यंत हा सारा धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. मराठी आणि कन्नड या दोन भाषा येथे एकाच ओसरीवर बसत असत. अशा या गावाने पारतंत्र्याच्या काळात एक डॉक्टर तुरुंगात पाठविला, आणि त्या डॉक्टरने तुरुंगवासाविषयी देशाला एक नवा विचार करावयास लावला.

डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर यांचा जन्म ७ मे १८८९ रोजी धारवाडास झाला. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने ज्या पिढीचे रक्त तापविले, त्या पिढीतले ते. कलकत्त्यास वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले आणि मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्य हा विषय अभ्यासिला. त्याच सुमारास लाला लजपतराय अमेरिकेत होते. लालाजींनी तेथे होमरूल लीग स्थापून ‘यंग इंडिया’ हे मासिक चालविले, त्या कामात हर्डीकर त्यांच्या हाताखाली राबले. १९२१ साली ते स्वदेशी परतले. परदेशी पदवीचा डॉक्टर त्याकाळी कोणत्याही मोठ्या शहरात सुखाने राहू शकला असता. हर्डीकरांनी हुबळीत सेवा मंडळ काढले व तरुणांना कवायत, स्वच्छता आणि शिस्त यांचे धडे देण्यास प्रारंभ केला.

१९२३ च्या मे महिन्यात नागपूरला झेंडा सत्याग्रह सुरू झाला. कारण वरवर पाहता क्षुल्लक होते. तिरंगी झेंडा घेऊन मिरवणुकीने सिव्हिल लाइन्सच्या बाजूस जावयाचे नाही, असा सरकारी हुकूम होता. सत्याग्रही रोज झेंडा घेऊन निघत आणि रोज पकडले जात. त्यांच्या हाती झेंड्याच्या काठीपलीकडे काही नसे, आणि ती काठीही कोणावर उगारली जात नसे. जमनालाल बजाज यांस अटक झाली, विनोबा भावे तुरुंगात गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी लढ्याची सूत्रे हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून तुकड्या येऊ लागल्या. हुबळीच्या सेवा मंडळाची माणसेही त्यांत होती, आणि हर्डीकरांसह ती नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात जाऊन पडली.

या सत्याग्रहाची पुष्कळशी वर्णने झेंड्यापाशी आणि विजयापाशी थांबतात. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड जे घडले, ते तितकेसे उजळ नव्हते. बाहेर जयजयकाराच्या भरात पकडून घेणे सोपे असते. आत गेल्यावर जयजयकार थांबतो. उरते ते निकृष्ट अन्न, सक्तीची मजुरी, वॉर्डराची अरेरावी आणि घरची आठवण. ज्यांची मनाची तयारी नव्हती त्यांना हे सोसले नाही. अनेकांनी लेखी माफी दिली आणि ते सुटून घरी गेले. हुबळीच्या मंडळींनी मात्र माफी दिली नाही.

माफीनामा ही वस्तू नीट समजून घेतली पाहिजे. सरकारला झेंडेवाल्या स्वयंसेवकाचे सहा महिने खचितच नको असत. कैदी पोसावयाला खर्च येतो, आणि तुरुंग भरले की राज्याची अब्रूही जाते. सरकारला हवी असे ती एक सही. ज्याने कोणाला मारले नाही, काही जाळले नाही, केवळ नको तेथे झेंडा नेला, त्याने ‘मी अपराध केला’ असे स्वहस्ते लिहून द्यावे, म्हणजे हुकूम न्याय्य ठरतो आणि शिक्षाही न्याय्य ठरते. हजार माणसांच्या कोठडीने जे सिद्ध होत नाही, ते एका सहीने सिद्ध होते. म्हणूनच सही न करणारा माणूस राज्यकर्त्याला अधिक त्रासाचा वाटतो. ज्यांनी सही केली त्यांना भित्रे ठरविण्याचा अधिकार मात्र घरात बसून इतिहास वाचणाऱ्यास पोहोचत नाही. त्यांपैकी कित्येक गरीब घरचे होते, आणि त्यांना तुरुंगासाठी कोणी तयार केलेच नव्हते.

हर्डीकरांच्या कार्याचे मर्म नेमके येथे आहे. ज्यांनी माफी दिली त्यांच्यावर दोष लादून हा प्रश्न सुटणारा नव्हता. रोगी पथ्य मोडतो तेव्हा चांगला वैद्य त्यास रागावण्यापूर्वी त्याच्या घरात काय शिजते ते पाहतो. सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या या डॉक्टरचे पुढील काम त्याच रीतीचे होते. तुरुंग सोसणे हा केवळ हिमतीचा भाग नसून सवयीचा व संघटनेचा भाग आहे, असे धरूनच ते चालले. सप्टेंबरच्या आरंभी नागपूरचे कैदी सुटले. हुबळीकरांची कीर्ती काँग्रेसच्या पुढाऱ्यांपर्यंत पोहोचली होतीच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काकिनाडा येथील अधिवेशनात स्वयंसेवकांची अखिल भारतीय संघटना उभी करण्याचे ठरले आणि ते काम हर्डीकरांवर सोपविण्यात आले. हेच हिंदुस्थानी सेवा दल. जवाहरलाल नेहरू त्याचे पहिले अध्यक्ष झाले. प्रत्यक्ष कारभार हुबळीहून चाले. १९२४ च्या अखेरीस बेळगावास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा या दलाची शिस्त देशाने पाहिली. स्त्रियांच्या शाखेची धुरा हुबळीच्याच उमाबाई कुंदापूर यांनी वाहिली आणि १९३२ साली त्यांनीही येरवड्याचा तुरुंग पाहिला.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. नागपूरच्या तुरुंगात शेकडो माणसे होती. त्यांतील एका डॉक्टरचेच नाव का घ्यावे? शिकलेल्यांचा कैवार शिकलेल्यांनी घ्यावयाचा आणि शेतमजुराने कोठडीत कुजावयाचे, हा कोठला न्याय? १९३० च्या सुमारास राजकीय कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले, तेव्हा हा भेद कागदावरही आला. पदवीधरास ‘ब’ वर्गात काही सवलती, आणि ज्याच्या अंगावर धड सदराही नाही तो ‘क’ वर्गात. आक्षेप खरा आहे. डॉक्टर असल्यामुळे कोणाचाही तुरुंग अधिक अन्यायाचा ठरत नाही.

तरीही डॉक्टरच्या अटकेत एक वेगळी गोष्ट असते. त्याच्याबरोबर त्याच्या रोग्यांसही शिक्षा होते. दुसरे असे की, त्याचे सहव्यवसायी देशोदेशी विखुरलेले असतात. हा मनुष्य लबाड आहे की प्रामाणिक, याची पारख ते करू शकतात, आणि ते बोलले तर राज्यकर्त्यास ऐकावे लागते. हा आवाज केवळ आपल्या जातभाईसाठी वापरावा की त्याच्या शेजारच्या कोठडीतील मजुरासाठीही, हे त्या बोलणाऱ्यांच्या थोरपणावर अवलंबून आहे.

हुबळीहून लोंढ्यावरून कॅसलरॉकमार्गे जी आगगाडी गोव्यात उतरते, त्या गोव्यात याचे एक विलक्षण उदाहरण घडले. तेथील स्वातंत्र्याच्या चळवळीत डॉक्टरांचा भरणा मोठा. १८ जून १९४६ रोजी मडगावास सभाबंदी मोडताना राममनोहर लोहियांसमवेत पकडले गेले ते डॉ. जुलियांव मिनेझिस वैद्य होते. त्याच लढ्यातील डॉ. राम हेगडे यांची पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात रवानगी झाली. परंतु सर्वांत बोलके प्रकरण डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचे. ते म्हापशाच्या रुग्णालयात शस्त्रवैद्य होते. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी एका मेजवानीत, गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे भाषण झाले. गायतोंडे यांनी तेथल्या तेथे निषेध नोंदविला. सभा नव्हे, मिरवणूक नव्हे. जेवणाच्या मेजावरील एक निषेधाचा शब्द. त्या शब्दापायी त्यांना अटक झाली आणि समुद्रापलीकडे पोर्तुगालला नेऊन तुरुंगात ठेवण्यात आले.

त्यांच्या बाजूने उभे राहिले ते प्रथम गोव्यातील साधे लोक. १९५५ च्या १७ फेब्रुवारीस, त्या अटकेचा वर्षदिन पाळून, अनेकांनी सत्याग्रह केला आणि स्वतः तुरुंग पत्करला. डॉक्टरचा कैवार कोणी घ्यावा, या प्रश्नाला गोव्याच्या जनतेने दिलेले हे उत्तर विद्वानांच्या ठरावांहून कितीतरी भारी आहे. त्याच वर्षी गायतोंडे सुटले व भारतात आले. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ मध्ये ते लोकसभेचे सदस्यही झाले.

सहव्यवसायी उठले तर काय होते, हे पुढे रशियात दिसले. खारकोव्हचे मनोविकारतज्ज्ञ अनातोली कोर्यागिन यांनी सरकारने वेडे ठरविलेल्या काही विरोधकांची तपासणी केली आणि ती माणसे शहाणी आहेत असा निर्वाळा दिला. १९८१ साली त्यांना पकडून सात वर्षे छावणी व पुढे पाच वर्षे हद्दपारी अशी शिक्षा झाली. त्यांचा लेख त्याच वर्षी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. देशोदेशीच्या मनोविकारतज्ज्ञांनी आवाज उठविला. १९८३ च्या जागतिक परिषदेत आपली हकालपट्टी होणार असे दिसू लागताच सोव्हिएत मंडळाने आधीच राजीनामा दिला, आणि त्या परिषदेने छावणीत असलेल्या कोर्यागिन यांना सन्माननीय सदस्य करून घेतले. १९८७ च्या फेब्रुवारीत ते सुटले. सहा वर्षे लागली. पण मनोविकारतज्ज्ञांच्या जगात त्यांचे नाव पुसले गेले नाही.

हर्डीकरांच्या वाट्याला असे जागतिक कैवारी आले नाहीत. १९३२ साली सरकारने काँग्रेसबरोबर सेवा दलावरही बंदी घातली. १९३४ मध्ये काँग्रेसवरील बंदी उठली, सेवा दलावरील उठली नाही. कवायत करणाऱ्या निःशस्त्र पोरांचे सरकारला एवढे भय का वाटावे, याचे उत्तर नागपूरच्या तुरुंगातील न झालेल्या सह्यांत शोधावे लागते. पुढे बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा येथील कर्नाटक आरोग्यधामाच्या कामात हर्डीकरांनी आपली वैद्यकी ओतली. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे ते राज्यसभेत होते, १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २६ ऑगस्ट १९७५ रोजी ते वारले. हुबळीहून मिरजेकडे जाणारी गाडी बेळगाव ओलांडून घटप्रभेस थांबते. आजूबाजूच्या खेड्यांतले रोगी औषधपाण्यासाठी तेथे उतरत आले आहेत.