कंठ आणि कौल

रशियन भाषेत ‘गोलोस’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ माणसाचा आवाज, दुसरा अर्थ निवडणुकीतील मत. गाणाऱ्याच्या गळ्यातून निघतो तोही गोलोस आणि मतपेटीत पडतो तोही गोलोसच. २०१२ सालच्या ऑक्टोबरात रशियाच्या ‘पहिल्या वाहिनी’ने दूरचित्रवाणीवर गायनाची एक स्पर्धा सुरू केली आणि तिला हेच नाव दिले. तिची दहाहून अधिक पर्वे झाली. तिचा इतिहास येथे सांगावयाचा तो निव्वळ करमणूक म्हणून नव्हे. गायक कोणी निवडावा, या प्रश्नाची त्या देशाने कोणकोणती उत्तरे देऊन पाहिली हे आम्हांस त्यात दिसते, म्हणून.

सोव्हिएत काळात हा अधिकार मुख्यतः कलापरिषदांकडे असे. गीताचे शब्द, त्याची चाल, गायकाचा वेष, या सर्वांवर परिषदेची नजर असे. तिला न रुचलेला कंठ देशाच्या कानी पडणे कठीणच. श्रोत्यांना अगदीच विचारीत नसत असे मात्र नाही. १९७१ च्या गीतांपासून सुरू झालेल्या ‘पेस्न्या’ या वार्षिक महोत्सवासाठी प्रेक्षकांची पत्रे येत आणि आवडती गाणी त्यांवरून कळत. पण पत्र लिहिणाऱ्यासमोर जी गाणी असत, ती आधीच परिषदेच्या चाळणीतून उतरलेली असत. मत देण्याची मुभा होती, परंतु ते कोणाकोणाला देता येईल हे अगोदरच ठरलेले असे.

१९९१ साली सोव्हिएत संघ लयास गेला. त्याच वर्षी युरी निकोलायेव यांनी बालकलाकारांसाठी ‘पहाटतारा’ या अर्थाच्या नावाची स्पर्धा सुरू केली. नोव्होसिबिर्स्कची पेलागेया नावाची एक मुलगी तीत लोकगीते गाऊन गेली. ती आपणांस पुढे पुन्हा भेटेल. त्यानंतर २००२ मध्ये ‘पहिल्या वाहिनी’वर ‘ताऱ्यांचा कारखाना’ आला. हे नाव मोठे प्रामाणिक होते, असे म्हटले पाहिजे. तरुण गायकांना एका घरात ठेवावयाचे, चोहोकडे कॅमेरे लावावयाचे, त्यांना शिकवावयाचे, सजवावयाचे, आणि तयार माल बाजारात पाठवावयाचा, अशी ती योजना. पहिल्या पर्वात इगोर मात्वियेन्को या निर्मात्याच्या हाताखाली घडलेला ‘कोर्नी’ हा गायकांचा चमू विजयी ठरला. परिषदेची जागा आता निर्मात्याने घेतली होती.

या पार्श्वभूमीवर ‘गोलोस’चे नावीन्य ध्यानी येते. कल्पना मूळची रशियन नव्हे. ती हॉलंडात २०१० साली निघाली. चार मार्गदर्शक रंगमंचाकडे पाठ करून बसतात. गाणारा तरुण की वृद्ध, देखणा की सामान्य, हे त्यांना दिसत नाही. आवाज पसंत पडला तर कळ दाबावयाची, म्हणजे खुर्ची गायकाकडे वळते. कारखान्याने डोळ्यांना जे महत्त्व दिले होते, ते या साध्या युक्तीने निदान पहिल्या फेरीपुरते काढून घेतले.

पहिल्या पर्वाच्या त्या चार खुर्च्यांत लेओनिद अगुतिन, दिमा बिलान आणि मघाची ती पेलागेया होती. चौथे अलेक्सांद्र ग्राद्स्की. १९६० नंतरच्या दशकात रॉक संगीताने आरंभ केलेला आणि पुढे बोल्शोई रंगमंचावर ऑपेरात गायलेला हा माणूस. पहिली तिन्ही पर्वे त्यांच्याच शिष्यांनी जिंकली. दीना गारीपोवा ही त्यांतील पहिली. ती तातारस्तानातील झेलेनोदोल्स्क या लहान गावची. २०१३ साली माल्मो येथील युरोव्हिजन स्पर्धेत तिने रशियातर्फे गाऊन पाचवे स्थान मिळविले. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात, दहावे पर्व चालू असतानाच, ग्राद्स्की निवर्तले.

येथवर शब्दाचा पहिला अर्थ झाला. दुसरा अर्थ अखेरच्या फेऱ्यांत येतो. तेथे दूरध्वनीने आणि लघुसंदेशाने प्रेक्षक मत देतात, आणि त्यांच्या डोळ्यांवर पट्टी नसते. २०१५ साली बोरोव्स्कच्या मठातील फोती नावाचे संन्यासी वरिष्ठांच्या अनुज्ञेने स्पर्धेत उतरले. प्राथमिक फेरीत त्यांनी चैकोव्स्कीच्या ‘येव्गेनी ओनेगिन’मधील लेन्स्कीचे गीत म्हटले आणि ग्रिगोरी लेप्स यांनी खुर्ची वळविली. अंतिम फेरीत शेकडा सत्तरांहून अधिक मते फोतींना पडली. खुर्चीला त्यांची काळी कफनी दिसली नव्हती, मतदारांना ती दिसत होती. त्या मतांपैकी कंठाला किती आणि कफनीला किती, हे कोण सांगणार? त्यांच्या गुणाविषयी आमच्या मनात शंका नाही. मोजणीचे साधन अपुरे होते, एवढेच आम्ही म्हणतो.

खरी कसोटी २०१९ च्या वसंतात लागली. मुलांच्या ‘गोलोस’मध्ये एका प्रसिद्ध गायिकेची कन्या निम्म्याहून अधिक मते मिळवून पहिली आली आणि प्रेक्षकांत क्षोभ उसळला. वाहिनीने संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या ‘ग्रुप-आयबी’ या संस्थेकडे तपास सोपविला. सुमारे ३०० दूरध्वनी क्रमांकांवरून एकाच स्पर्धकासाठी ८,००० हून अधिक संदेश आल्याचे आढळले. मे महिन्यात निकाल रद्द झाला. यात त्या बालिकेचा काही अपराध होता असे कोणी समजू नये. ती गायली होती. मते मोठ्यांच्या जगातून आली होती.

या प्रसंगातून आम्ही एवढेच घेतो. आवाज निःपक्षपातीपणे ऐकण्यासाठी पाठमोरी खुर्ची पुरते, पण मत निःपक्षपातीपणे मोजण्यासाठी कोणतीही खुर्ची पुरत नाही. तेथे प्रेक्षकाने संशय बोलून दाखवावा लागतो, आणि संस्थेला आपला जाहीर केलेला निकाल मागे घेण्याची लाज वाटता कामा नये. परिषदेच्या काळी असा संशय बोलून दाखविण्यास जागा नव्हती. कारखान्याच्या काळी निर्मात्याची निवड हाच व्यवहार होता. २०१९ मध्ये मात्र गाण्याच्या एका स्पर्धेपुरते का होईना, लोकांनी आपले मत परत मागितले आणि ते त्यांना मिळाले. एकाच शब्दात सामावलेल्या या दोन अर्थांपैकी पहिला निसर्ग देतो. दुसरा मात्र सांभाळावा लागतो.