घर राखायला गेलेली माणसे

आपल्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की सरखेल आंग्रे, जंजिऱ्याचे सिद्दी आणि कोर्लईचे पोर्तुगीज डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु चौल-रेवदंड्याची किंवा श्रीवर्धनची एखादी गृहिणी आपल्या गावाची वेस ओलांडून कशासाठी बाहेर पडली आणि तिने मुंबई कशी पाहिली, याची नोंद दप्तरांत शोधून सापडायची नाही. ती सापडली तर घरोघरच्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणींतच सापडेल. मंडळाच्या स्मरणिकेत याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

केवळ हौसेखातर प्रवासास निघणारी जोडपी पूर्वी आपल्याकडे विरळाच. पतिपत्नी जोडीने घराबाहेर पडत ती बहुधा तीन कारणांनी. एक तीर्थयात्रा, दुसरे लग्नमुंजीचे कार्य आणि तिसरे म्हणजे कुणाचे तरी घर राखणे. पहिल्या दोहोंचे कौतुक होते. तिसऱ्याला कुणी प्रवास म्हटले नाही; पण नात्यागोत्यांची वीण त्यानेच घट्ट ठेवली, असे मला वाटते.

घर राखण्याची गरज आपल्याकडे मुळात वाडीमुळे उत्पन्न झाली. नारळी-पोफळीची वाडी म्हणजे दाराला कुलूप लावून सोडून जाण्याची वस्तू नव्हे. पोफळीची मुळे जमिनीत वरवरच असतात, त्यामुळे पाऊस सरला की शिंपण सुरू होते ते पुढच्या मृगापर्यंत. रहाट थांबला की झाडे माना टाकतात. शिवाय गोठ्यात गाय आणि देव्हाऱ्यात देव. तेव्हा घरची माणसे आठपंधरा दिवस बाहेर जाणार असली, तर नात्यातले एखादे प्रौढ जोडपे आधी येऊन राही. ती दोघे पाहुणी असत आणि तेवढ्या दिवसांपुरती घरधनीही असत.

पुढे मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या आपली तरुण मंडळी ओढून घेऊ लागल्या आणि गिरगाव-परळच्या चाळींत बिऱ्हाडे झाली. सून बाळंतपणासाठी माहेरी गेली, मुलाची फिरतीची नोकरी लागली किंवा भाचा कुणाच्या आजारपणासाठी गावी आला, तर दोन खोल्यांचे ते बिऱ्हाड राखायला गावाकडची माणसे जाऊ लागली.

माझी आत्या आणि आतोबा यांनी असा उद्योग कित्येक वर्षे केला. आतोबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, मुले मार्गी लागलेली. आज मुरुडला बहिणीची वाडी, उद्या गिरगावात पुतण्याच्या खोल्या, परवा पेणला मेहुण्यांचे घर. आत्या निघताना कडवे वाल, आमसुले आणि नारळ बांधून घेई. परतताना चहाची पुडी आणि कुणीतरी नेसवलेले लुगडे घेऊन येई. परक्या स्वयंपाकघरात ती डबे आपल्या सोयीने कधी लावीत नसे. “तिची मांडणी तिला परत मिळाली पाहिजे,” असे ती म्हणे.

मुंबई पाहणे हे या राखणीचे वेतनच म्हणा ना! दुपारची निजानीज झाली की शेजारणीला किल्ली देऊन दोघे निघत. मुंबादेवी, महालक्ष्मी आणि बाबुलनाथ हे ठरलेले; सन १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय नवलाचे. भायखळ्याची राणीची बाग तर हवीच. तेथल्या वस्तुसंग्रहालयाजवळ, जे सन १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले व १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती घारापुरीचा, म्हणजे आपल्या उरण तालुक्यातला! त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलेफंटा हे नाव दिले. सन १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला. मग तुकडे मुंबईस आणून जोडले गेले. मुंबई पाहायला गेलेल्या आपल्या बायका कौतुकाने पाहत तो आपलाच हत्ती होता.

ट्रामची गोष्टही अशीच. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापनांत त्यामुळे बिघाड होईल अशी अडचण आली, आणि ते काम सन १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले. ज्या ट्रामपायी ही वेधशाळा आपल्या गावी आली, त्या ट्राममध्ये बसायला आपण मुंबईस जात होतो. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम कायमची थांबली.

ही ये-जा बहुतांशी पाण्यावरून होई. खुल्या समुद्रातील बोटी पावसाळ्यात बंद पडत. मुंबई बंदराच्या आतली रेवसकडची वाहतूक मात्र पावसातही चाले. त्या वाटेवर १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेले कितीतरी जण तीत होते. स्वातंत्र्य अवघे महिनाभर दूर होते, आणि या किनाऱ्यावर गावोगाव आकांत उठला. आपल्या माणसांची भेट ही त्या काळी किती मोलाने मिळत असे, हे यावरून ध्यानी यावे.

काही घरांची माणसे मुंबईच्याही पलीकडे गेली. अलिबागेच्या इस्रायल आळीतील आपले बेने इस्रायली शेजारी, ज्यांची आडनावे नवगावकर, रोहेकर, पेणकर अशी आपल्याच गावांची आहेत, ते सन १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्यांचे सन १८४८ मध्ये स्थापन झालेले प्रार्थनामंदिर आजही आळीत उभे आहे. त्यांच्यापैकी कुणी नवराबायको आजोळचे घर शोधीत येतात आणि आपल्याशी मराठीत बोलतात, तेव्हा घर राखणे म्हणजे केवळ भिंती राखणे नव्हे हे पटते.

सन १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सन २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट माणसे नेणारी बोट आहे, आणि १२ जानेवारी २०२४ पासून शिवडी ते न्हावा असा सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू झाला आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. ही सोय मोठीच आहे आणि ‘रामदास’ची आठवण असलेल्या किनाऱ्याने तिला नावे ठेवू नयेत. परंतु परतणे सोपे झाले तसे मुक्काम करणे कमी झाले. मुक्काम गेला तशी राखणही गेली, आणि कुलपे वाढली.

त्या कुलपांची किंमत ३ जून २०२० रोजी कळली. ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या टापूत किनाऱ्यावर आले. पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली. टाळेबंदीमुळे मुंबईची मंडळी लगेच येऊ शकली नाहीत. ज्या घरात दोन म्हातारी माणसे होती, तेथे रात्रीच पातेली लावली गेली आणि दुसऱ्या दिवशी वाशांवर ताडपत्री चढली. बंद घरांवर मात्र पुढचा सारा पावसाळा आतून कोसळला. एकाच आळीतल्या दोन घरांमधला हा फरक माणसाच्या असण्यानसण्याचा होता.

म्हणून मंडळातील भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या आळीत कोणती घरे बंद आहेत व त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, याची एक वही मंडळाने करावी. त्याच वहीत आपल्या आत्या, मावश्या, सासवा कुणाकुणाची घरे राखायला कोठे गेल्या व त्यांनी तेथे काय पाहिले, तेही त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवावे. आणि यंदा नातलगांकडे जाल तेव्हा शेवटच्या बोटीची घाई न करता एक रात्र राहून या.