निर्जन म्हटलेली नदी

दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदी अँडीज पर्वतांत उगम पावून सुमारें ४,००० मैलांचा प्रवास करून अटलांटिक महासागरास मिळते. मनाउस शहराजवळ रिओ नेग्रोचें काळें पाणी आणि सोलिमोइंसचें गढूळ पाणी एकाच पात्रांत कांहीं मैल शेजारीं शेजारीं वाहतें, व मगच एकरूप होतें. तेथील गुलाबी डॉल्फिन, मनुष्याहूनहि लांब वाढणारा पिरारुकू मासा व महाकाय कासवें सर्वांस ऐकून ठाऊक असतात. परंतु तिच्या कांठच्या मनुष्यांचा इतिहास दीर्घकाल कोणास खरा वाटला नाहीं.

इ. स. १५४१ च्या डिसेंबरांत फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार सुमारें साठ सोबत्यांसह अन्नाच्या शोधार्थ नापो नदीच्या ओघाबरोबर निघाला. प्रवाहाविरुद्ध परतणें अशक्य, असें कारण सांगून तो पुढेंच गेला आणि १५४२ च्या ऑगस्टांत समुद्रास पोंचला. त्याच्यासमवेत असलेल्या गास्पार दे कार्वाहाल या पाद्र्यानें वृत्तांत लिहून ठेविला. कांठानें दाट वसलेलीं गांवें, कुंपणांत राखलेलीं कासवें, सुबक मातीचीं भांडीं व आंत जाणारे रुंद रस्ते यांचें त्यांत वर्णन आहे. लढणाऱ्या स्त्रियांचीहि हकीगत त्यांत आहे. तिच्यावरूनच नदीस ग्रीक पुराणांतील नांव मिळालें. ही हकीगत कल्पित मानली गेली, आणि तिच्याबरोबर गांवांची साक्षहि बुडाली.

मागाहून आलेल्या प्रवाशांस बहुतेक ठिकाणीं अरण्यच दिसलें. मधल्या काळांत देवी, गोंवर आणि गुलामांसाठीं घातलेल्या धाडी यांनीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं होतीं. अरण्य निर्जन नव्हतें, तें निर्जन झालें होतें.

पुढें साक्ष दिली ती मातीनें. पावसानें धुपून निकस झालेल्या त्या प्रदेशांत जागोजाग काळ्या, सुपीक जमिनीचे पट्टे आढळतात. त्यांत कोळसा, खापऱ्या व माशांचीं हाडें सांपडतात. ब्राझीलचे शेतकरी तिला इंडियनांची काळी माती म्हणतात. शिवाय इक्वेडोरमधील उपानो खोऱ्यांत लेसर किरणांच्या साह्यानें हजारों मातीचे चौथरे व त्यांस जोडणारे सरळ रस्ते आढळल्याचें १९२४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२४ मध्यें, प्रसिद्ध झालें. ही वसाहत ओरेयानाच्याहि सुमारें दोन हजार वर्षें आधीं उभी राहिली होती.

‘निर्जन’ या शब्दाची किंमत मोठी पडली. १९७० मध्यें ब्राझीलच्या लष्करी सरकारनें भूमिहीनांस मनुष्यहीन भूमि देण्याची घोषणा करून ॲमेझॉनमधून महामार्ग काढला. तो अरारा व पाराकना यांच्या भूमींतून गेला. अखेर १९८८ च्या राज्यघटनेनें मूळ रहिवाशांचा आपल्या परंपरागत भूमीवरील हक्क मान्य केला. तो हक्क नव्यानें दिलेला नसून मूळचाच आहे, असें ती घटना मानते.